अलास्का : वरचा डेक, खालचा डेक

मंडळी, अलास्काहून परत आल्यापासून घरच्यांचा तगादा चालू आहे की फोटो पाहिले, आता जरा लिहा. संभाजीनगरच्या आत्याबाईंनी तर "व्हेल पाहिला म्हणता, मग त्याचं वर्णन कुठंय?" असं फोनवर विचारलं. आत्याबाई, व्हेलचं शेपूट फोटोत आलंय तेवढंच दिसलं, खरंच! अस्वलंही दिसली, हिमनदी कोसळतानाही पाहिली. पण जे फोटोत आलं ते परत शब्दांत लिहिण्यात काय हशील?

इतिहासाचा मास्तर होतो, त्यामुळे खोड जात नाही. तिथं असताना मला सारखा एकच प्रश्न पडत होता. हा अर्धा प्रवास पाण्यावरून आणि अर्धा जमिनीवरून करायचा, ही पद्धत पडली कशी? आता मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्याही 'क्रूझ आणि लँड टूर' अशी जोडसहल विकतात. आठवडाभर बोट, मग चार-पाच दिवस रेल्वे आणि बस. आमचंही तसंच झालं. सिअॅटलच्या पुतण्याने सगळं बुकिंग केलं, व्हॅंकुव्हरला बोटीत बसलो, सेवर्डला उतरलो, तिथून रेल्वेने डेनाली आणि फेअरबँक्स. आयती आखलेली वाट. पण वाट आयती नसते, कुणीतरी आधी तुडवलेली असते. ती कुणी तुडवली त्याची ही गोष्ट.

आधी भूगोल. अलास्काचं क्षेत्रफळ सतरा लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे आपले पाच महाराष्ट्र बसून वर जागा उरते. आणि माणसं किती? २०२०च्या जनगणनेत सात लाख तेहतीस हजार. आपल्या एकट्या बीड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली पंचवीस लाखांवर होती. डेनालीचं राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेलं राखीव क्षेत्र मिळून आपल्या जिल्ह्याच्या दुप्पट भरतं, आणि त्यात रस्ता एकच, सुमारे १४८ किलोमीटरचा. तोही २०२१ साली दरडीमुळे मध्यावरच बंद करावा लागला आणि तिथं पूल बांधायचं काम काढावं लागलं.

दक्षिणेकडची जी चिंचोळी पट्टी आहे तिथं डोंगर थेट समुद्रात उतरलेत. जुनो ही राज्याची राजधानी, पण बाहेरून तिथं गाडीरस्ता जात नाही! विमानाने जा नाहीतर बोटीने. बेटांच्या आडोशाने जाणारा शांत पाण्याचा मार्ग आहे, त्याला इनसाइड पॅसेज म्हणतात. म्हणजे किनाऱ्याला पाणी हाच रस्ता आणि आत शिरायचं तर पाय, घोडा, होडी नाहीतर रेल्वे. जोडसहलीचं मूळ या भूगोलात आहे.

हा पाण्याचा रस्ता त्लिंगिट लोकांचा. हजारो वर्षं ते मोठमोठ्या लाकडी होड्यांतून इथं ये-जा करत आले. १८६७ साली रशियाने हा मुलूख बहात्तर लाख डॉलरला अमेरिकेला विकला, तेव्हा तिथं राहणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. १८७९ साली निसर्गलेखक जॉन म्यूर ग्लेशियर बे या खाडीत शिरला तो त्लिंगिट वल्हेकऱ्यांच्या होडीतून. वाट त्यांना ठाऊक होती, गाजलं नाव म्यूरचं. १७९४ साली व्हॅंकुव्हरच्या मोहिमेला ही खाडी बर्फाने बंद दिसली होती. पुढच्या सव्वाशे वर्षांत बर्फ शंभरेक किलोमीटर मागे सरकला. आता तिथं दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ बोटींना परवानगी असते. आमची बोट त्यांतली नव्हती, ती हबर्ड हिमनदीकडे गेली.

म्यूरच्या मागोमाग हौशी प्रवासी आले. एलायझा सिडमोर नावाची बाई १८८३ साली आगबोटीने इथं आली आणि १८८५ साली तिचं अलास्कावरचं पुस्तक निघालं. गंमत म्हणजे पुढे तिने हिंदुस्थानच्या प्रवासावरही पुस्तक लिहिलं, तेही १९०३ साली. तर १८८०च्या दशकातच इथं सहलीच्या आगबोटी सुरू झाल्या होत्या. डेकवर खुर्ची टाकून हिमनदी बघायची पद्धत तेव्हापासूनची.

पण खुर्चीवरून उठून डोंगरापलीकडे जायची गरज पडली ती सोन्यामुळे. १६ ऑगस्ट १८९६ला क्लोंडाइकच्या एका ओढ्यात सोनं सापडलं. बातमी बाहेर यायला वर्ष लागलं. १७ जुलै १८९७ला 'पोर्टलंड' नावाची आगबोट सोनं घेऊन सिअॅटलच्या धक्क्याला लागली आणि लोक वेडे झाले. नोकऱ्या सोडून, घरं विकून लाखभर माणसं निघाली असं मानतात.

आता जरा आपल्याकडे बघा. त्यानंतर दहा दिवसांनी, २७ जुलैला, मुंबईत लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली. पुढे येरवड्याच्या तुरुंगात मॅक्सम्युलरने पाठवलेला ऋग्वेद रात्री दिव्यापाशी वाचता वाचता त्यांच्या मनात उत्तर ध्रुवाची कल्पना घोळू लागली. वेदांतली ती लांबच लांब उषा ध्रुवाकडचीच असणार, असा तर्क. त्याचं पुस्तक १९०३ साली आलं. आज संशोधक तो सिद्धांत मान्य करत नाहीत, ते असो. पण फेअरबँक्सला रात्री अकरा वाजता खिडकीचा जाड पडदा ओढून झोपायची वेळ आली तेव्हा मला टिळकांचीच आठवण झाली. ज्या महिन्यांत लाखभर माणसं अंगावर ओझी घेऊन उत्तरेकडे चालली होती, त्याच महिन्यांत एक मराठी माणूस कोठडीत बसून मनाने उत्तरेला जात होता. आणि आपला बीड? तेव्हा निजामाच्या राज्यात. त्या दशकाच्या अखेरीस दुष्काळाने माणसं इतकी गेली की १९०१च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या घटलेली दिसली.

क्लोंडाइककडे जाणाऱ्यांचा प्रवास नीट पाहिला तर ती आजचीच जोडसहल आहे. सिअॅटल किंवा व्हॅंकुव्हरहून इनसाइड पॅसेजमधून बोट, डायी किंवा स्कॅगवेला उतरायचं, मग जमिनीवरून खिंड चढायची. फरक एवढाच की कॅनडाच्या पोलिसांनी अट घातली होती, वर्षभराची शिधासामग्री बरोबर असेल तरच पुढे जाऊ देऊ. अवजारं धरून सामान टनभर व्हायचं. चिल्कूट खिंडीच्या शेवटच्या चढावर बर्फात कोरलेल्या सुमारे दीड हजार पायऱ्या होत्या. माणूस एका वेळी वीस-पंचवीस किलो नेणार, म्हणजे एकाच माणसाने तीच वाट तीस-चाळीस वेळा चढायची! ज्यांच्याकडे पैसे होते ते हमाल करायचे. हे हमाल बहुतेक त्लिंगिट, कारण ती खिंड म्हणजे पिढ्यान् पिढ्या त्यांच्याच व्यापाराची वाट. ३ एप्रिल १८९८ला हिमकडा कोसळून साठाहून जास्त माणसं तिथं गाडली गेली. शेजारच्या व्हाइट पासवर तीनेक हजार घोडी मेली. त्या वाटेचं नावच मेलेल्या घोड्यांची वाट असं पडलं.

मग १८९८च्या मे महिन्यात स्कॅगवेहून रेल्वे घालायला सुरुवात झाली आणि २९ जुलै १९००ला ती पुरी झाली. १७७ किलोमीटर, कडे फोडून. तोवर सोन्याची लाट ओसरली होती. पुढे खाणींच्या मालावर ती रेल्वे चालली, १९८२ साली बंद पडली आणि १९८८ साली पुन्हा सुरू झाली ती फक्त प्रवाशांसाठी. आम्ही बसलो ती हीच. काचेच्या मोठ्या खिडक्या, हातात कॉफी. खाली दरीत जुनी पायवाट अजून दिसते. सगळा डबा फोटो काढत होता, मीही काढले.

दुसरी रेल्वे सरकारने बांधली. सेवर्ड ते फेअरबँक्स, ७५६ किलोमीटर. १९१४ साली कायदा झाला, १९१५ साली काम सुरू झालं. आजचं अँकरेज शहर तेव्हा या कामावरच्या मजुरांच्या तंबूंचा तळ होता. १५ जुलै १९२३ला अध्यक्ष हार्डिंग यांनी नेनाना इथं सोन्याचा खिळा ठोकला. ते आले बोटीने आणि आत गेले रेल्वेने, म्हणजे जोडसहलच झाली म्हणा. परतीच्या वाटेवर २ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं निधन झालं.

बीडकर वाचकांनी इथं जरा हिशेब करावा. बर्फाच्या मुलखात ७५६ किलोमीटर, आठ वर्षं. आपली नगर-बीड-परळी २६१ किलोमीटर, १९९५ साली मंजूर, आणि बीडपर्यंत प्रवासी गाडी धावली १७ सप्टेंबर २०२५ला, मुक्तिसंग्राम दिनी. तेव्हाही परळीचा टप्पा बाकीच होता. यावर जास्त लिहीत नाही, नाहीतर हा लेख तिथंच संपेल :)

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सोन्याची गर्दी दोन-तीन वर्षांत ओसरली. मग इतकी वर्षं या आगबोटी चालल्या कशावर? उत्तर आहे सामन मासा. उन्हाळ्यात हा मासा समुद्रातून नद्यांत चढतो. तो पकडायचा, कापायचा आणि डब्यात भरून जगभर पाठवायचा. त्यासाठी किनाऱ्यावर जागोजागी कारखाने निघाले. काम हंगामी, चार-पाच महिन्यांचं. माणसं लागणार हजारो, आणि तिथं राहणारे थोडे. मग ती बाहेरून आणायची.

आधी चिनी मजूर आले. १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना देशबंदी केल्यावर जपानी आले आणि १९२०-३०च्या दशकांत फिलिपिनो. कारखानदार मजुरांशी थेट बोलत नसे. मध्ये एक ठेकेदार. तो शहरात टोळी जमवायचा, हंगामाआधी पैसे उचल म्हणून द्यायचा आणि हंगामभर जेवणाखाणाचे, वाणसामानाचे पैसे मजुरीतून कापायचा. जुगाराचे अड्डेही बहुतेक त्याच्याच आशीर्वादाने. हंगाम संपवून गडी सिअॅटलला किंवा सॅन फ्रान्सिस्कोला उतरला की हातात फार थोडं उरलेलं असायचं.

बीड जिल्ह्यातल्या कुणालाही हे वाचून वेगळं काही सांगावं लागणार नाही. टोळी, मुकादम, उचल, हंगाम. शब्दसुद्धा बदलावे लागत नाहीत.

आणि बोट? प्रवाशांचीच. अलास्का स्टीमशिप कंपनीच्या ज्या आगबोटींच्या वरच्या डेकवर हौशी प्रवासी हिमनद्या बघत चालले होते, त्यांच्याच पोटात, खालच्या डेकवर, दाटीवाटीच्या फळ्यांवर हे मजूर कारखान्यांकडे जात होते. मार्ग तोच, बेटं तीच. वरच्यांनी पुस्तकं लिहिली, पत्रं लिहिली, फोटो काढले. खालच्यांचं लिहिलेलं फार थोडं मिळतं. कार्लोस बुलोसान हा फिलिपिनो लेखक १९३० साली सिअॅटलला उतरला आणि अलास्काच्या कारखान्यात गेला, त्याचं पुस्तक १९४६ साली आलं म्हणून काही कळतं तरी.

शिडाच्या जहाजांतूनही माणसं नेत. त्यातलं एक १८६३ साली बांधलेलं लोखंडी जहाज. आधी ते कलकत्त्याला मालाच्या फेऱ्या करायचं. नंतर अलास्काच्या मासे कंपनीने घेतलं आणि १९०६ साली त्याचं नाव ठेवलं 'स्टार ऑफ इंडिया'. १९२३ सालापर्यंत त्यातून कारखान्याचे मजूर गेले. आज ते सॅन डिएगोत संग्रहालय म्हणून उभं आहे.

मासे कापायचं कसबी काम चिन्यांच्या हातात होतं. १९००नंतरच्या दशकात सिअॅटलमध्ये त्यासाठी यंत्र निघालं. एका यंत्राने कितीतरी कापणाऱ्यांची जागा घेतली आणि त्या यंत्राला नाव दिलं तेसुद्धा चिन्यांना हिणवणारी शिवी जोडून. घालवायचंही आणि वर चिडवायचंही!

हे सगळं मला नीट दिसलं ते हूना गावाजवळ. तिथं १९१२ सालचा मासे डबाबंद करायचा जुना कारखाना आहे. १९५०च्या दशकात तो बंद पडला. १९७१ साली अमेरिकेने कायदा करून मूळ रहिवाशांच्या जमिनीच्या हक्काचा निवाडा केला आणि त्यांच्या कंपन्या स्थापन झाल्या. त्यातल्या हूना टोटेम या त्लिंगिट कंपनीने हा कारखाना विकत घेतला आणि २००४ पासून तिथं क्रूझ बोटी लागतात. कारखान्याच्या आत जुनी यंत्रं मांडून ठेवलीत. पट्टा, कापायचं यंत्र, डबे. बाहेर आइस्क्रीम. आमच्या बोटीवरची माणसं दहा मिनिटांत आत-बाहेर करून व्हेल बघायला गेली. माझा पाय तिथून निघेना. सौ. म्हणाली, "काय बघताय एवढं?" म्हटलं, साखर कारखान्याचा गव्हाण बघतोय.

मी नोकरीची बरीच वर्षं पाटोदा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली. दसरा झाला की हजेरीपट निम्मा व्हायचा. गावात ट्रॅक्टर, ट्रक लागायचे. त्यात बाजरीची पोती, भांडी, सरपण, शेळ्या, कोंबड्या आणि वर बसलेली माझी पोरं. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडाशेजारी पाचटाची कोपी करायची, पहाटे उसात शिरायचं, मोळ्या वाहायच्या, गाडी भरायची, वाढं विकून वर दोन पैसे बघायचे. एक दिवस पडून राहिलं तर खाडा. या खाड्याच्या भीतीने बायांनी काय काय सोसलं ते २०१९ साली गर्भाशयांच्या बातम्यांतून देशाला कळलं, आमच्या गावांना आधीच माहीत होतं. पाडव्याच्या आसपास माणसं परत यायची. पोरांचा अभ्यास कुठून सांधायचा, हा माझा दरवर्षीचा प्रश्न. पुढे हंगामी वसतिगृहं आली, २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली, त्याने काही पोरं गावात राहिली. आता फडांत हार्वेस्टर यंत्रंही दिसू लागलीत. यंत्र आल्यावर माणसांचं काय करायचं, हा प्रश्न हूनाच्या त्या शेडमध्ये काचेच्या पेटीत ठेवलेला नाही, तो आपल्याकडे चालू आहे.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण ती दुःखाची नुसती तुलना नाही. त्या मजुरांनी १९३३ साली सिअॅटलमध्ये आपली युनियन काढली. १ डिसेंबर १९३६ला तिच्या दोन पुढाऱ्यांना, व्हर्जिल दुयुंगान आणि ऑरेलिओ सिमोन यांना, एका ठेकेदाराच्या पुतण्याने गोळ्या घातल्या. तरी युनियन मोडली नाही. उलट त्यानंतर ठेकेदारांचीच पद्धत मोडली आणि भरती युनियनमार्फत होऊ लागली. उचल आणि मुकादम ही काही निसर्गाची गोष्ट नाही, माणसांनी ती लावली आणि एका ठिकाणी माणसांनी ती काढलीसुद्धा. आपल्याकडे संप झाले, दर वाढले, महामंडळ झालं. उचल आहे तिथंच आहे.

अलास्का स्टीमशिपने १९५४ साली प्रवासी वाहतूक बंद केली. महायुद्धानंतर चक वेस्ट नावाच्या वैमानिकाने सहलींचा धंदा सुरू केला, बोट, बस, रेल्वे, हॉटेल सगळं एका तिकिटात बांधलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याची कंपनी एका मोठ्या बोट कंपनीने घेतली आणि आजची जोडसहल तयार झाली. आता उन्हाळ्यात सोळा-सतरा लाख माणसं क्रूझने येतात. इतकी की जुनोने २०२४ पासून दिवसाला पाचच मोठ्या बोटींची मर्यादा ठरवून घेतली. आणि या नव्या बोटींनाही खालचा डेक आहेच. आमची खोली आवरणारा मुलगा फिलिपिन्सचा होता, जेवण वाढणारा गोव्याचा. नऊ-नऊ महिन्यांचा करार. गोव्याच्या मुलाला मराठी येत होतं, त्यामुळे हिला भाताबरोबर रोज लोणचं मिळालं.

सहलीला जाऊ नका असं मी म्हणत नाही. जा, जमेल त्याने जरूर जा. हबर्ड हिमनदीसमोर बोट थांबते आणि बर्फ तुटल्याचा आवाज येतो तेव्हा बोलणं आपोआप बंद होतं. पण आपल्या मराठीत प्रवासवर्णनांचं कपाट भरलेलं आहे आणि त्यात बहुतेक वरच्या डेकवरचीच वर्णनं आहेत, माझं हेही धरून. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं चार-पाच महिन्यांच्या प्रवासाला निघतात, त्याला आपण प्रवास म्हणतही नाही.

तेव्हा या ब्लॉगवर एक काम सुरू करायचं ठरवलंय. माझे जुने विद्यार्थी आता चाळिशीत आहेत. त्यांतले काही अजून कोयत्यावर जातात, काही मुकादम झाले, एक-दोन शिक्षक झाले. ते कुठल्या फडावर गेले, कुठल्या रस्त्याने, कोपीत काय शिजलं, पोरं कुठं निजली, हे त्यांच्या तोंडून ऐकून त्यांच्याच बोलीत इथं टाकणार आहे. नावं त्यांना चालतील तरच. वाचकांपैकी कुणाच्या घरात, भावकीत असं कुणी असेल तर त्यांना विचारा आणि मला कळवा. या पाडव्याला टोळ्या परत आल्या की पहिल्या दोघांशी बोलायचं ठरलंय.